बदली झालेल्या बाईंनी वर्ग 'लुटला' म्हणे!

खडूची धूळ

परवापासून आपल्या भागातल्या ग्रुपांवर एक पोस्ट फिरतेय. खानापूर तालुक्यातल्या जांबोटीपलीकडच्या एका गावातल्या पालकाची. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : गावच्या मराठी शाळेतल्या बाईंची कौन्सिलिंगमध्ये (गाव निवडायच्या फेरीत) बेळगावला बदली झाली. जाताना त्यांनी पहिली ते तिसरीच्या वर्गातलं होतं नव्हतं ते रिक्षात घालून नेलं. शाळेच्या पहिल्या दिवशी, प्रारंभोत्सवाला, दारात तोरण होतं, जेवणात गोड होतं आणि पोरं मात्र बोडक्या भिंतींकडे बघत बसली. पगार सरकारचा खायचा आणि जाताना शाळा लुटायची, असा शेवट. खाली 'लाज वाटली पाहिजे' म्हणणाऱ्यांची रांग.

मी त्या बाई नव्हे. त्यांना ओळखतही नाही. पण यंदा माझीही बदली झालीय आणि मीही सामानाची पोती घेऊनच निघाले. तेव्हा चोरांच्या यादीत माझंही नाव घाला.

त्या पोत्यात काय असतं ते ऐका. लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेली अक्षरं. आमच्या घरी पत्रिका आली की मी मुहूर्ताआधी पुठ्ठा जाड आहे का ते बघते. नायलॉनच्या दोरीत ओवलेली शंभर मण्यांची माळ, दहा लाल, दहा पांढरे, परत दहा लाल. एका बाजूनं फरशीवर घासून पांढरे केलेले चिंचोके. फाशासारखे टाकायचे, पांढरे किती पडले, काळे किती पडले, दोन्ही मिळून किती. झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून घेतलेली गोष्टींची चित्रं. हे सगळं माझ्या पैशाचं आणि माझ्या रात्रींचं. समग्र शिक्षा योजनेचं अनुदान तीसच्या आत पट असलेल्या शाळेला वर्षाचं १०,००० रुपये, त्यापुढं शंभरापर्यंत २५,०००. त्यातच खडू, फिनेल, नळाची तोटी आणि उडालेला बल्ब. मण्यांचं बिल कुणाला लावू?

चार्ज देताना यादी होते. कपाटं, खेळत शिकायच्या नली-कलीची कार्डं, ग्रंथालयाची पुस्तकं, वजनकाटा, सगळं मोजून एचेमच्या, म्हणजे मुख्याध्यापकांच्या, ताब्यात दिलं, सह्या झाल्या. त्यातलं एक पुस्तक जरी कमी निघालं असतं तर माझ्या पगारातून गेलं असतं. यादीत चिंचोके नव्हते.

आता नव्या शाळेत परत पहिल्यापासून सगळं. वर्ग उघडला तेव्हा खिळे सोडून भिंतीवर काही नव्हतं. आधीच्या बाईंना मी चोर म्हटलं नाही. शाळा सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात जाऊन जळमटं काढली, खालचा भिंतफळा काळा करून घेतला, पहिलीच्या पोरांचा हात पोचेल अशा उंचीवर दोरी बांधली आणि पोतं सोडलं. पहिल्या दिवशी नवी बाई बघून रडणाऱ्या पोराच्या हातात मी चिंचोके दिले. सरकारी परिपत्रक देऊन पोर गप्प होत नाही.

मलप्रभाकाठ

ती पोस्ट माझीच. एसडीएमसीवर, म्हणजे शाळेच्या समितीवर आहे, सुट्टीच्या दिवशी शाळेची कौलं मी स्वतः शाकारलीत, तेव्हा बोलायचा हक्क आहे.

बाई, तुम्ही चिंचोक्यांचं पुराण छान सांगितलंत. पण आमची तक्रार काय आहे ते जरा नीट वाचायचं होतं. वर्गात वरती दोऱ्या बांधून पोरांची चित्रं टांगलेली असतात, चप्पर म्हणतात तुमच्यात. ती सगळी काढून नेली. माझ्या मुलीनं काढलेलं अस्वल होतं त्यात. मागच्या हिवाळ्यात आमच्या काजूत खरंच आलं होतं, ते बघून काढलं तिनं. पाठीवर दोन पिल्लं होती. ते चित्र आमच्या बाईंच्या पैशाचं का?

आणि चिंचोके म्हणाल तर आमच्या बाईंनी कुठल्या दुकानातून आणले होते? गावातल्या पोरांनी चिंचा फोडून आणून दिले. घासले पोरांनी. रंग लावला पोरांनी. बाईंनी फक्त पोतं आणलं.

हेच्चुवरी मास्तर

मी गंमत सांगतो. माझं सामान चोरायला कुणाला फुरसतच मिळत नाही. एका शाळेत भिंत रंगवून होते न होते तोवर पट घसरतो, साठाच्या आत आला की दोनच शिक्षक, आणि मी हेच्चुवरी, म्हणजे जादा. काढा कौन्सिलिंगला. त्यातही मराठी शाळेतल्या जागा मोजक्याच, स्क्रीनवर नाव यायच्या आधी सोयीची गावं भरलेली. मग बसतो आणि एखादं असं गाव निवडतो जिथं जायला पावसाळ्यात आधी नाल्याला विचारावं लागतं.

मलप्रभाकाठ, तुमच्या अस्वलाबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण 'लुटलं' हा शब्द मागे घ्या. शिक्षकाला चोर म्हटलं की गावाला फार बरं वाटतं. नव्या मास्तरला तीच पोस्ट दाखवून हजर करून घेणार का?

अनगोळचा बंड्या

काय सांगुलाय सगळे! खरा मुद्दा कुणी बोलतच नाही. त्या बाई गावात राहत होत्या का? नाही ना? बेळगावहून सकाळच्या बसनं जाणार, प्रार्थना निम्मी झाल्यावर पोचणार, शेवटच्या तासाला एक डोळा घड्याळावर. आणि जून २०२३ पासून सरकारची शक्ती योजना आल्यावर तर बायकांना तिकीटही नाही. फुकट जा, फुकट या. आम्ही पैसे भरून दांड्याला लोंबकळतोय आणि सगळ्या सीटांवर बाईलोकांच्या पर्स. गावात राहिले असते तर गाव आपलं वाटलं असतं, सामान न्यावंसं वाटलं नसतं.

कणकुंबी फास्ट

बंड्याभाऊ, पर्सवाली हजर आहे.

मी जांबोटी रस्त्यावर जाऊन-येऊन नोकरी केली. कणकुंबीकडचा पाऊस अनगोळच्या गॅलरीतून दिसत नाही. जुलैत घाटात झाड आडवं पडलं की बस तिथंच वळते, आणि पुढं चालत. ओल्या साडीनं दिवसभर वर्गात उभी राहायचे, वाळेपर्यंत शाळा सुटायची. गावात राहा म्हणता? राहीन की. खोली दाखवा. मी शोधली होती. एका ठिकाणी संडास नव्हता, दुसऱ्या ठिकाणी मालक म्हणाले नवऱ्याला आणा, एकटी बाई ठेवत नाही. तिसरी खोली बरी होती, पण तिच्यात भाताची पोती होती आणि ती दिवाळीनंतरच हलणार होती.

आणि शक्तीबद्दल. तिकीट काढून जात होते तेव्हा पण 'पगार मोठा, जरा आरामात या' असंच ऐकत होते. आता फुकट जाते तर तेही खुपतं. एकदा ठरवा कशाचा राग आहे ते.

अनगोळचा बंड्या

मी एक बोललो तर लगेच साडी, पाऊस, संडास. गावातल्या बायका कुठं राहतात मग? त्याच गावात राहतात ना? त्यांना सोय नको आणि तुम्हालाच पाहिजे? आमच्या वेळचे गुरुजी देवळाच्या ओसरीवर राहायचे. रात्री कंदील लावून शिकवणी घ्यायचे, एक पैसा न घेता. त्यांच्यामुळं माझे वडील सातवी पास झाले आणि तलाठी ऑफिसला लागले.

कणकुंबी फास्ट

आणि त्या गुरुजींची बायको, पोरं, म्हातारी आई कुठं होती हो तेव्हा? तीही ओसरीवरच? तुमच्या वडलांचं भाग्य थोर. पण त्या गुरुजींचा संसार दुसऱ्या गावात कुणीतरी एकटीनं ओढत होतं, तिचं नाव तुमच्या गोष्टीत येत नाही. मला ओसरीवर झोपवणार असाल तर माझ्या सासूबाईंची औषधं बंड्याभाऊंनी द्यायची, दिवसातून तीनदा, जेवणाआधी.

चंदगडी

वाचून मजा येतेय. आमच्या बाजूला, म्हणजे तुमच्यापासून डोंगर उतरला की लागतं ते, हाच वाद अगदी विधानसभेपर्यंत गेला. मुख्यालयी, म्हणजे नोकरीच्या गावी, राहतो म्हणून घरभाडं घेता, तर खरंच राहता का? मग ग्रामसभेचा ठराव आणा. ठराव आणणारे मास्तर आणि ठराव देणारे सरपंच दोघेही कोल्हापूर-गडहिंग्लजला राहतात, असंही चालतं. तेव्हा अट घातली की मास्तर गावात राहील या भ्रमात राहू नका. कागद तेवढा गावात राहतो.

बाकी तुमची शाळा मेअखेर उघडते आणि आमची १५ जूनला. आमची पोरं आंबे खात असताना तुमची पोरं रडत शाळेला जातात, हे सीमाभागातलं खरं दुःख.

काळा दिवस

महाराष्ट्रात असतो तर ही वेळच आली नसती. १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात घातलं त्याची फळं आहेत ही. २००४ पासून सीमाप्रश्नाचा खटला सुप्रीम कोर्टात पडून आहे आणि तुम्ही चिंचोके मोजताय. मराठी शाळेतल्या मास्तरला ट्रेनिंग कन्नडमधून, परिपत्रक कन्नडमधून, मराठीची पुस्तकं कधी येणार ते कुणालाच ठाऊक नाही. यावर कुणी बोलणार आहे का? मराठी शाळा बंद पाडायचा डाव आहे, आणि आपले मास्तर मुकाट्यानं...

चंदगडी

दादा, मी महाराष्ट्रातलाच, आत्ताच वर लिहिलंय की आमच्यात पण हेच आहे.

हेच्चुवरी मास्तर

पुस्तकांचं म्हणणं मात्र खरं. कन्नड आम्हाला येतं, त्यात रडण्यासारखं काही नाही, परिपत्रक वाचून पालकांना मराठीत सांगतो. पण पहिलीच्या पोराच्या हातात पुस्तक नसेल तर मराठी शाळेतला मास्तर काय शिकवणार? तिथं मग बाईंची लग्नपत्रिकेवरची अक्षरंच कामाला येतात. म्हणजे सरकारनं पोचवायचं ते बाईंनी पोचवलं, आणि चोरही बाईच.

एक विचारतो, 'काळा दिवस' साहेब. नातवंडं कुठल्या शाळेत आहेत?

काळा दिवस

तो वैयक्तिक प्रश्न झाला. मुद्द्याला धरून बोला.

हेच्चुवरी मास्तर

मिळालं उत्तर.

अनगोळचा बंड्या

हाण! पण मास्तर, तोच प्रश्न शिक्षकांनाही लागू पडतो ना? मराठी शाळेतल्या किती मास्तरांची पोरं मराठी शाळेत? पिवळ्या बसनं टाय लावून जातात ती कुणाची?

खडूची धूळ

माझी दोघंही मराठी शाळेतच शिकली, विचारायच्या आधीच सांगते. पण मी हे पदक म्हणून लावून फिरत नाही. २०१९ पासून सरकारनं आपल्याच काही शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग काढले, तिथं पालकांची झुंबड उडाली. पालकाला लेकराचं भलं कशात दिसतं ते तो बघणारच, मग तो मास्तर असो नाहीतर शेतकरी. बंड्याभाऊ, तुम्ही या धाग्यावर बस आणलीत, सासूबाईंची औषधं आणलीत, आता पिवळी बस आणलीत. मूळ प्रश्न वर्गातल्या सामानाचा होता.

पाटीपेन्सिल

मी आतापर्यंत गप्प होते, पण सगळे बदलीवाल्या बाईंचंच बोलताहेत. बाई गेल्यानंतर त्या वर्गात कोण येतं ते कुणी विचारलं नाही. मी येते.

अतिथी शिक्षिका. २०२५ च्या बजेटात दोन हजार वाढले म्हणून आता महिन्याला १२,०००. ते किती महिन्यांनी हातात पडतात ते विचारू नका. कायमची जागा भरेपर्यंत माझी नेमणूक. मधेच कुणी बदलून आलं की माझं संपलं. वर्गाचं दार उघडते तेव्हा समोर तीन इयत्तांची पोरं एकत्र, आणि कपाटाची किल्ली एचेमच्या कमरेला. नली-कलीच्या कार्डांतली निम्मी मागच्या पावसात भिजून चिकटलेली असतात. ती यादीत मात्र 'पूर्ण' असतात, कारण चार्ज देणाऱ्याला सुटायचं असतं आणि घेणाऱ्याला वाद नको असतो.

खडूची धूळ बाई, तुमचे मणी तुमचेच. कोण नाही म्हणतंय? पण तुमचा पगार आणि माझं मानधन यांत फरक आहे. तुम्ही नव्या शाळेत जाऊन पोतं सोडता. माझ्याकडे पोतं नाही. पोरं येऊन सांगतात, बाई, आमच्या बाई अशी माळ दाखवायच्या, अस्सं टाकायच्या. मी म्हणते हो का, आणि खडूनं फळ्यावर मणी काढते. दुसऱ्या दिवशी परत तेच.

काहीच ठेवू नका, पण अक्षरांचा एक गठ्ठा ठेवायला काय होतं?

कणकुंबी फास्ट

ताई, तुमचं म्हणणं पोचलं. पण हे बाईंच्या दयेवर का सोडायचं? शाळेच्या पैशातून घ्या, यादीत चढवा. मग कुणी नेणार नाही.

पाटीपेन्सिल

यादीत चढलं की कपाटात जातं, कपाटात गेलं की पोरांच्या हाताला लागत नाही. हरवलं तर कोण भरणार, म्हणून. तुम्हालाही माहीत आहे हे.

मलप्रभाकाठ

ताईंनी बरोबर सांगितलं. आमच्याकडेही अजून अतिथीच आहेत. मी चिडलो ते यासाठीच. बाई गेल्या याचा राग नाही. सी झोनमध्ये, म्हणजे शहरापासून लांबच्या खेड्यात, पावसाची वर्षं काढली त्यांनी, २०२० च्या बदली कायद्यानं शहराकडं यायचा हक्क होता, गेल्या. निरोपाला आम्ही शाल-श्रीफळ दिलं, बायकांनी ओटी भरली. आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर वर्ग साफ. आधी सांगितलं असतं तर आम्हीच पोतं उचलून रिक्षात ठेवलं असतं.

'लुटलं' हा शब्द मागे घेतो. हेच्चुवरी मास्तरांचं समाधान होऊ दे. पोस्ट काढणार नाही.

खडूची धूळ

उपकार झाले. शब्द मागे, पोस्ट तशीच, म्हणजे चोर नाही, पण फोटो चौकात लावलेलाच.

बरं, तुमचंही एक घेते. चित्रं न्यायला नको होती. पोराचं चित्र पोराचं. मी जाताना ज्याचं त्याच्या हातात दिलं, काही पोरांनी ते तिथंच घडी करून खिशात घातलं, ते वेगळं. पण माझे मणी कुठंही ठेवून जाणार नाही. पाटीपेन्सिल ताई, तुम्ही बेळगाव तालुक्यात असाल तर एखाद्या शनिवारी दुपारी या. पत्रिका मी देते, कात्री तुमची. एक गठ्ठा तुमचा होईल, आणि जाताना तोही तुम्ही घेऊनच जाल, बघा.

वडगाव नाका

उशिरा आलो. हा धागा वाचताना लक्षात आलं की ज्या बाईंवर सगळा गदारोळ चाललाय त्या बहुतेक आमच्याच शाळेत हजर झाल्यात. नाव लिहीत नाही. पण चित्रं पाहिलीत मी. दोरीवर टांगलीत. भात लावणारी माणसं, गवा, पावसात बुडालेली पायवाट. आणि अस्वल आहे, पाठीवर पिल्लं घेतलेलं. आमची पोरं त्याच्याखालून हलत नाहीत. शहरातली पोरं, त्यांनी अस्वल टीव्हीवर पाहिलेलं. बाई सांगतात की हे काढणारी मुलगी दुसरीत आहे आणि तिनं ते खरंच पाहिलंय. चित्राच्या कोपऱ्यात तिचं नाव आहे.

मलप्रभाकाठ

म्हणजे माझी मुलगी इथं घरात रुसून बसलीय आणि तिचं अस्वल बेळगावात मिरवतंय!

नाव लिहिलंय म्हणता?

वडगाव नाका

हो, खाली गावाचं नावही आहे. मी बाईंशी बोलतो. पण पोरांसमोरून एकदम काढलं तर आमच्याकडे रडारड होईल, तुमच्याकडची मिटेल आणि इकडची सुरू.

मलप्रभाकाठ

ते तुमचं तुम्ही बघा. मूळ चित्र आम्हाला पाहिजे. तुम्ही झेरॉक्स टांगा, रंगीत काढा, पैसे पाहिजे तर मी देतो. जांबोटीच्या बसमध्ये कंडक्टरकडे द्या, स्टँडवर मी उभा राहतो. बाकीच्या पोरांची चित्रंही त्याच पाकिटात घाला. आणि चिंचोके ठेवून घ्या म्हणावं, आमच्याकडे झाडं आहेत.

अनगोळचा बंड्या

कंडक्टर पाकिटाचे पैसे घेतो हां. शक्ती फक्त बाईमाणसांना, अस्वलाला नाही.

कणकुंबी फास्ट

चित्रातलं अस्वल मादी आहे, बंड्याभाऊ. पाठीवर पिल्लं आहेत ना.